आरसीवरचं नाव आणि दाद मागण्याचा हक्क



स्मृतिव्याख्यानमालेत बहुधा मोठे विषय येतात. आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या पाकिटात असलेल्या एका कार्डाचा, गाडीच्या आरसीचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा आहे. त्या कार्डावर चंद्रपूरच्या एमएच ३४ किंवा गडचिरोलीच्या एमएच ३३ ने सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि त्याखाली एक नाव असतं. गाडी त्या वेळी कोण चालवत होतं, हे कुणी पाहिलेलं असो वा नसो, पहिला कागद त्या नावाला येतो. नो पार्किंगचा दंड असो, वेगाचं चलान असो, अपघाताच्या भरपाईचा दावा असो, की सागवान वाहून नेल्यावरून झालेली ट्रकची जप्ती असो. विचारणा आरसीवरच्या नावाला होते.

हा विषय लहान आहे का? ज्या गावात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, ज्या गावचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे राज्यसभेच्या उपसभापतिपदापर्यंत पोचले, त्या चंद्रपूरला तरी तो लहान वाटू नये. सत्तेनं नाव घेऊन प्रश्न विचारला, तर नागरिकानं तोंड लपवायचं, पैसे भरून मोकळं व्हायचं, की ताठ उभं राहून उत्तर द्यायचं, असा हा प्रश्न आहे. आणि या व्याख्यानाचं म्हणणं एवढंच आहे, की कायद्यानं नोंदणीकृत मालकावर जबाबदारी टाकली आहे, पण त्याच कायद्यानं त्याला उत्तर देण्याची जागा आणि मुदतही दिली आहे. ती जागा आपण वापरत नाही आणि मुदत हातची घालवतो.

आधी मालक कोण, ते पाहू.

मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम २, पोटकलम ३०. ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे, तो मालक. गाडी अज्ञान मुलाच्या नावावर असेल तर त्याचा पालक. गाडी कर्जावर असेल तर कर्जाच्या कराराखाली ज्याच्या ताब्यात ती आहे तो, म्हणजे हप्ते भरणारा. फायनान्स कंपनी नव्हे. पैसे कुणी मोजले, किल्ली कुणाच्या खिशात आहे, पेट्रोल कोण टाकतो, याला कायदा मालकी म्हणत नाही.

आता आपल्याकडे जुनी गाडी कशी विकली जाते? समजा, सिंदेवाहीच्या एका शेतकऱ्यानं आपली फटफटी विकली. स्टॅम्पपेपरवर सौदा झाला, टीटी म्हणजे नाव-हस्तांतराच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या झाल्या, पैसे मिळाले, आरसी बुक दिलं, चहा झाला. घेणाऱ्यानं ते फॉर्म तसेच ठेवले आणि वर्षभरानं गाडी तिसऱ्याला विकली. सह्या त्याच, स्टॅम्पपेपर तोच. आरटीओच्या नोंदीत गाडी अजून सिंदेवाहीतच आहे.

याचं काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट सांगितलं. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' हे ते प्रकरण. गाडी २००७ मध्ये विकली गेली, पुढे हातोहात फिरली आणि २००९ मध्ये तिच्यामुळे अपघात होऊन एकाचा जीव गेला. विकणारा म्हणाला, गाडी माझी राहिलेलीच नाही. तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव आहे, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात होरपळलेल्या कुटुंबानं गाडी किती हातांतून गेली, याचा माग काढत कुठवर फिरायचं? न्यायालयाचं हे म्हणणं योग्य आहे. आपलाच माणूस उद्या रस्त्यावर पडला, तर आपणही हेच म्हणू.

मग विकणाऱ्यानं करायचं काय? कलम ५० आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. परराज्यात गेली, तर ४५ दिवसांत. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, हे दोन कागद. घेणाऱ्याला ३० दिवस. लक्षात घ्या, विकणाऱ्याला कळवण्याचं कर्तव्य स्वतंत्र आहे. घेणारा करेल, एजंट करेल, असं म्हणून ते संपत नाही. आणि घरातला कर्ता माणूस गेला, तर? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५६ सांगतो की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवलं, तर तीन महिने तो गाडी वापरू शकतो आणि तेवढ्यात फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यायची. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तेराव्याला बसलेल्या शहाण्या नातेवाइकानं ते सुचवायला हवं.

दुसरा मुद्दा चलानाचा.

पूर्वी पोलीस समोर उभा राहायचा. शिट्टी वाजायची, बाचाबाची व्हायची, पावती फाटायची. गाडी चालवणारा आणि दंड भरणारा एकच असायचा. कॅमेरा आला आणि हे दोघे वेगळे झाले. कॅमेऱ्याला चेहरा ओळखता येत नाही, नंबरप्लेट वाचता येते. मुलगा नागपूरला शिकतो, गाडी बापाच्या नावावर, आणि मेसेज येतो चामोर्शीच्या शेतात.

२०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात कलम १३६-ए आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-ए. महामार्गांवरचे धोक्याचे पट्टे, मोठी शहरं आणि त्याबरोबर हवेच्या प्रदूषणामुळे राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलेली १३२ शहरं, अशा ठिकाणी वाहतुकीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसवावीत, असं हा नियम सांगतो. महाराष्ट्रातली जी १९ शहरं त्या यादीत आहेत, त्यांत चंद्रपूर आहे. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक केंद्राच्या धुरानं या शहराला त्या यादीत बसवलं. धूर सोसणाऱ्या शहरात कॅमेऱ्यांचा नियमही त्याच यादीमुळे आला.

पण हा नियम नीट वाचला पाहिजे, कारण त्यात नागरिकाच्या बाजूचंही पुष्कळ लिहिलं आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. इथे कॅमेऱ्यानं नजर ठेवली जाते, असा फलक ठळकपणे लावलेला हवा. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस निघायला हवी. चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. यातलं एकही सरकारनं उपकार म्हणून दिलेलं नाही. पुरावा दाखवल्याशिवाय दंड नाही, हे जुनंच तत्त्व आहे.

म्हणून चलान आलं की पहिलं काम पैसे भरणं नव्हे, फोटो उघडणं. महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीची माहिती टाकली की फोटो दिसतो. गाडी आपलीच आहे का? रंग तोच आहे का? तुमची स्प्लेंडर आणि फोटोत स्कूटर, असं तर नाही? बनावट प्लेट लावून फिरणाऱ्या गाड्या आहेत, आणि चिखलानं माखलेल्या प्लेटवरचा ३ कॅमेऱ्याला ८ वाटू शकतो. त्या दिवशी गाडी कुठे होती, याचा काही कागद आहे का? गॅरेजचं बिल, टोलची नोंद, हजेरीपट? असेल, तर त्याच ठिकाणी तक्रार नोंदवण्याची सोय आहे. कागद जोडायचा, तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. एक सावधगिरीही हवी. चलानाच्या नावानं फोनवर एपीके फाईल पाठवून बँकखातं रिकामं करणाऱ्या टोळ्या आहेत. अशी फाईल उघडू नये.

आणि गाडी आपलीच होती, पण चालवत दुसरा होता, तर? कलम १३३ म्हणतं की अधिकृत पोलीस अधिकाऱ्यानं विचारलं, तर मालकानं चालकाचं नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती द्यायची. माहीत असलेली, आणि वाजवी प्रयत्नानं मिळू शकेल तीही. न देणं हा कलम १८७ खाली वेगळा गुन्हा आहे. अनेकांना हे कलम जाचक वाटतं. पण त्याच कलमामुळे मालकाला सांगता येतं की चूक माझी नाही, अमक्याची आहे. त्यासाठी गाडी कुणाला दिली, कधी दिली, त्याच्याकडे परवाना होता का, हे मालकाला ठाऊक असलं पाहिजे. ट्रक-ट्रॅक्टर भाड्यानं देणाऱ्यानं घरात एक वही ठेवावी आणि गाडी ज्याच्या हाती दिली, त्याची सही घ्यावी.

एका ठिकाणी मात्र कायदा फार कठोर आहे आणि तो असायलाच हवा. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर कलम १९९-ए खाली पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पूर्ण काळजी घेतली होती, हे मालकाला सिद्ध करता येतं. पण सिद्ध त्यानं करायचं आहे. दहावीच्या क्लासला पोरगं गाडी घेऊन जातं, हे बापाला माहीत नव्हतं, असं कोणतं न्यायालय मानेल?

चलानाविरुद्धची तक्रार फेटाळली गेली, तर प्रकरण न्यायालयात जातं. विदर्भात काटोलला वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालं. उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केलं. आभासी न्यायालयात दोन पर्याय असतात. गुन्हा कबूल करून ऑनलाइन दंड भरायचा, नाही तर लढायचं. मग प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. तिसरी वाट राष्ट्रीय लोकअदालतीची. तिथे कोर्ट फी नाही, तडजोड होते आणि निवाड्यावर अपील नाही. चलान खरं असेल आणि दंड थकला असेल, तर लोकअदालतीत जावं. चलान खोटं असेल, तर तडजोड कशाची करायची?

आता पार्किंग. नागपूरला दवाखान्यात नातेवाइकाला भेटायला गेलात, मॉलमध्ये गेलात, तर बाहेर येताना पावतीवाला उभा असतो. पावती हरवली तर इतके, वेळ झाला तर तितके. हा दंड आहे का?

दंड करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यानं पोलिसांना आणि अधिकृत अधिकाऱ्यांना दिला आहे, खासगी ठेकेदाराला नाही. सार्वजनिक रस्त्यावर चुकीच्या जागी गाडी लावली, तर कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपये. खासगी जागेवरची वसुली ही कराराची गोष्ट आहे. करार गाडी लावणाऱ्याशी होतो, आरसीवरच्या नावाशी नाही. आणि करार मोडला, तरी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळेल; फलकावर लिहिली म्हणून कोणतीही रक्कम आपोआप देणं लागत नाही.

इंग्लंडमध्ये हे वेगळं आहे, आणि तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना त्याचा अनुभव येतो. तिथे २०१२ च्या एका कायद्यानं खासगी जागेवर गाडीला जॅमर लावणं बंद केलं. बदल्यात पार्किंग कंपन्यांना चालक सापडला नाही तर गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागण्याची मुभा दिली. पण अटी कडक आहेत. कॅमेऱ्यानं पकडलं असेल, तर १४ दिवसांत नोटीस त्याच्या हाती पडली पाहिजे. ती उशिरा आली, तर धारक मोकळा. कंपनीनं हरकत फेटाळली, तर स्वतंत्र संस्थेकडे अपील करता येतं. पण म्हणून प्रत्येक जण सुटतो, असं नाही. 'पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस' या प्रकरणात चेम्सफर्डच्या एका बाजारसंकुलात दोन तास मोफत असताना ५६ मिनिटं जास्त गाडी उभी होती. ८५ पौंडांची आकारणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०१५ रोजी वैध ठरवली, कारण फलक मोठे, स्पष्ट आणि सगळ्यांना दिसतील असे होते.

आपल्याकडे असा खास कायदा नाही. पण आपण निःशस्त्र नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं जुलै २०१९ मध्ये म्हटलं की मॉल आणि मल्टिप्लेक्सना येणाऱ्यांकडून पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत; इमारतीची परवानगी मिळवताना पार्किंगची जागा देणं हे त्यांच्यावर आलेलं बंधन आहे. हा निकाल महाराष्ट्राला बांधत नाही, पण त्यातला युक्तिवाद इथेही मांडता येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं की हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेली, तर 'मालकाच्या जबाबदारीवर' एवढं कुपनावर छापून हॉटेलची सुटका होत नाही. ती गाडी १९९८ मध्ये गेली होती. एकवीस वर्षं लढावं लागलं. एवढा उशीर लाजिरवाणा आहे, आणि तरीही त्या निकालाचा आधार आज प्रत्येकाला आहे.

आणि गडचिरोलीच्या माणसानं नागपूरच्या पार्किंगवाल्याविरुद्ध दाद मागायची, तर नागपूरला खेपा घालायच्या का? नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर फी शून्य. मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. चाळीस रुपयांसाठी कोण जाईल, असा प्रश्न येतो. पण रोज शेकडो लोकांकडून घेतलेले चाळीस रुपये एकाच्या तक्रारीनं थांबू शकतात. पावती मागा, दरफलकाचा फोटो काढा, पैसे शक्यतो फोनवरून द्या म्हणजे नोंद राहील.

आता शेवटचा आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी सर्वांत जड मुद्दा. पाचशे रुपयांचं चलान सोसता येतं. पण ज्या ट्रकवर घर चालतं, तोच सरकारजमा झाला तर?

आपण जंगलाची माणसं. आलापल्लीचं सागवान देशभर नावाजलेलं आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड बल्लारशाहून रवाना झालं. ते परवान्यानं, शिक्का मारून गेलं. पण त्याच जंगलातून रात्री चोरीचं लाकूडही निघतं, आणि ते निघतं कुणाच्या तरी पिकअपमधून, कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून. पुष्कळदा मालक घरी झोपलेला असतो.

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये महाराष्ट्रानं दुरुस्ती करून ६१-ए ते ६१-जी ही कलमं घातली. सरकारी मालकीचं लाकूड किंवा अधिसूचित वनोपज चोरून नेताना सापडलं, तर सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा प्राधिकृत अधिकारी मालासोबत वाहनही सरकारजमा करू शकतो. खटला दाखल झाला असो वा नसो. हा अधिकार मोठा आहे. जंगल राखायचं, तर तो लागतो, हे मान्य करायला हवं. चोरट्यांना दंडाची भीती नसते, गाडी जाण्याची असते. पण एवढ्या मोठ्या अधिकाराला कायद्यानं कुंपणही घातलं आहे. ते कलम ६१-बी मध्ये आहे. ज्याच्याकडून गाडी पकडली त्याला लेखी नोटीस, लेखी म्हणणं मांडण्याची संधी आणि सुनावणी. आणि मोटार वाहन असेल, तर शक्य असेल तिथे नोंदणीकृत मालकालाही नोटीस आणि त्याच्या हरकतींचा विचार.

मालकाला काय सिद्ध करावं लागतं? दोन गोष्टी. गाडीचा वापर आपल्या, आपल्या एजंटच्या आणि गाडी ज्याच्या हाती होती त्याच्या माहितीशिवाय, संगनमताशिवाय झाला. आणि या प्रत्येकानं असा वापर होऊ नये म्हणून वाजवी आणि आवश्यक ती सगळी खबरदारी घेतली होती. 'मला काय माहीत साहेब' एवढ्यानं पहिलीच अट पुरी होत नाही. ड्रायव्हरलाच सगळं माहीत असेल, तर मालकाचं काम फार कठीण. म्हणून खबरदारीचा पुरावा आधीच तयार हवा. भाड्याचा लेखी करार, वाहतूक परवान्याशिवाय वनोपज भरायचं नाही अशी ड्रायव्हरची सही घेतलेली लेखी सूचना, फेऱ्यांची वही, जीपीएसची नोंद. गाडी पकडल्यावर जमवलेले कागद कुणी मानत नाही.

आदेश विरोधात गेला, तर कलम ६१-डी. आदेश कळल्यापासून ३० दिवसांत सत्र न्यायाधीशांकडे अपील. आपल्यासाठी ही सत्र न्यायालयं चंद्रपूरला आणि गडचिरोलीला. तीस दिवस पुरेसे आहेत का? चंद्रपुरात राहणाऱ्याला आहेत. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, फोनला रेंज नाही, आणि दिवस मोजणं कुणासाठी थांबत नाही. तिथल्या माणसाचे तीस दिवस इथल्या माणसाच्या तीस दिवसांएवढे नसतात. वन विभागानं आणि न्यायालयांनी विलंब माफ करताना हा भूगोल डोळ्यांसमोर ठेवावा, अशी या व्यासपीठावरून मागणी करणं रास्त आहे.

पण मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसता येणार नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ सांगतं की अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना, बालकांना, अपंगांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. गडचिरोलीत दर दहांत जवळपास चार माणसं अनुसूचित जमातीची आहेत. म्हणजे ज्या माडिया किंवा गोंड तरुणाचा ट्रॅक्टर सरकारजमा झाला, त्याला सत्र न्यायालयात वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. साध्या कागदावर अर्ज करता येतो.

या सभागृहात वकील बसले आहेत, शिक्षक आहेत, महाविद्यालयातले तरुण आहेत. त्यांना एक विनंती आहे. एटापल्ली, धानोरा, सिंदेवाही, पोंभुर्णा इथल्या आठवडी बाजारात महिन्यातून एकदा टेबल टाका. फॉर्म २९, ३० आणि ३१ सोबत ठेवा. लोकांचे जुने मोबाइल नंबर आणि पत्ते आरटीओच्या नोंदीत बदलून द्या. चलानाचा फोटो उघडून दाखवा. आणि वन विभागाची नोटीस हातात घेऊन कुणी आलं, तर त्यावरची तारीख आधी वाचा आणि त्याच दिवशी अर्ज लिहून द्या.